कराटे शिकवायचं तर आधी ओकिनावा समजून घेऊ



जून महिन्यात शाळा उघडली की फाटकाबाहेर क्लासच्या जाहिराती वाटणारी मुलं उभी असतात. अबॅकस, चित्रकला, स्केटिंग आणि त्यात हमखास कराटे. कागदावर हवेत लाथ मारणारा एक मुलगा, शेजारी रंगीत पट्ट्यांची ओळ आणि खाली तीन शब्द : शिस्त, आत्मविश्वास, स्वसंरक्षण. वाचून बरं वाटतं. आपण फी भरतो, पांढरा ड्रेस घेतो. वर्षभराने कुणी पाहुण्याने मुलाला विचारलं, "कराटेत काय शिकलास रे?" तर उत्तर येतं, "मला ऑरेंज बेल्ट मिळाला."

आता बघा, "गणितात काय शिकलास?" या प्रश्नाला "मला बी ग्रेड मिळाली" असं उत्तर आलं तर आपण शिक्षक म्हणून अस्वस्थ होतो. कराटेच्या बाबतीत मात्र तसलंच उत्तर आपल्याला चालतं. का चालतं? कारण कराटेत शिकण्यासारखं नेमकं काय असतं, हे आपल्यापैकी बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं.

माझं मत आधीच सांगून टाकते. कराटे मुलांसाठी चांगलं आहे, पण त्यातला चांगुलपणा पट्ट्यात नाही आणि पदकातही नाही. तो ओकिनावातल्या जुन्या गुरूंनी घालून दिलेल्या काही साध्या तत्त्वांमध्ये आहे. ती तत्त्वं बाजूला काढली तर उरतो हातपाय झाडण्याचा व्यायाम, आणि काही मुलांच्या बाबतीत नुसती मारामारीची खुमखुमी. म्हणून मुलाला क्लासला घालण्याआधी किंवा शाळेत कराटेचा तास सुरू करण्याआधी ही कला आली कुठून, ती सांगते काय, हे समजून घेऊ. आपल्या पेशासाठी यात एक खास गोष्टही आहे. कराटे बंद अंगणातून बाहेर काढून मोठ्या जगात नेलं, त्यात शाळामास्तरांचा मोठा वाटा होता.

नकाशावर ओकिनावा

भूगोलाच्या तासाला वापरतो तो आशियाचा नकाशा घ्या. जपानचं क्यूशू बेट आणि तैवान यांच्यामध्ये बेटांची एक लांब माळ दिसेल. हा र्‍यूक्यू द्वीपसमूह. त्यातलं सर्वांत मोठं बेट म्हणजे ओकिनावा. आज ओकिनावा हा जपानचा एक प्रांत आहे, पण १४२९ पासून १८७९ पर्यंत, म्हणजे साडेचारशे वर्षं, इथे र्‍यूक्यूचं स्वतंत्र राजघराणं होतं. भाषा वेगळी, रीतिरिवाज वेगळे. टेकडीवर शुरी ही राजधानी, खाली समुद्राकाठी नाहा हे बंदर आणि जवळच तोमारी नावाचं गाव.

बेट लहान, शेती थोडी. त्यामुळे हे राज्य जगलं ते व्यापारावर. चीन, जपान, कोरिया आणि आग्नेय आशिया यांच्यामधला माल र्‍यूक्यूची जहाजं इकडून तिकडे नेत. चीनच्या मिंग दरबाराशी तर १३७२ पासूनच नजराण्याचे संबंध होते. नाहाजवळ कुमेमुरा नावाची चिनी लोकांची वस्ती होती आणि र्‍यूक्यूची माणसं चीनच्या फूजियान प्रांतात, फूचौ शहरात जाऊन वर्षानुवर्षं राहत. जिथे माणसं जातात तिथून विद्या येतेच. फूजियानमधल्या हातघाईच्या लढण्याच्या पद्धती अशाच या बेटावर पोचल्या.

बेटावर लढण्याची स्वतःची एक रीत आधीपासून होती. तिला 'ते' म्हणत. 'ते' म्हणजे हात. तिच्यात चिनी विद्या मिसळत गेली आणि लोक तिला 'तोदी' म्हणू लागले. 'तो' म्हणजे तांग, अर्थात चीन. 'तोदी' म्हणजे चिनी हात. पुढे ज्या गावात ती शिकवली जाई त्या गावांवरून शुरी-ते, नाहा-ते, तोमारी-ते अशी नावं रूढ झाली. ही तिन्ही ठिकाणं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत. आपल्याकडे जशी घराण्यांची नावं गावांवरून पडतात, तसंच हे.

दोन लाडक्या दंतकथा

कराटेच्या इतिहासात दोन गोष्टी फार सांगितल्या जातात. वर्गात सांगण्याआधी दोन्ही जरा तपासून घ्यायला हव्यात.

पहिली गोष्ट अशी. १६०९ साली जपानच्या सात्सुमा सरदारांनी र्‍यूक्यू जिंकलं, लोकांची शस्त्रं काढून घेतली, मग गरीब शेतकऱ्यांनी सामुराईंशी लढायला रात्री चोरून रिकाम्या हातांची कला शोधून काढली. ऐकायला छान आहे. स्वारी खरी, तारीखही खरी. पण शस्त्रांवर नियंत्रण त्याच्याही शंभर वर्षं आधी, शो शिन या राजाच्या काळात आलेलं होतं. आणि जुन्या कराटे गुरूंची नावं बघितली तर त्यांतले बहुतेक शेतकरी नव्हते. ते 'पेचिन' म्हणजे राजदरबारच्या चाकरीतल्या मध्यम दर्जाच्या घराण्यांतले होते. शुरी-तेचे मोठे गुरू मात्सुमुरा सोकोन हे तर राजाच्या संरक्षणाचं काम करत. म्हणजे या कलेचा जन्म बंडापेक्षा पहाऱ्याच्या कामाशी जास्त जोडलेला आहे. हा फरक लहान नाही. पहारेकऱ्याचं काम भांडण उकरून काढायचं नसतं, ते होऊ न देण्याचं असतं.

दुसरी गोष्ट आपल्याला जास्त प्रिय आहे. भारतातून बोधिधर्म चीनमध्ये गेले, त्यांनी शाओलिन मठात युद्धकला शिकवली आणि त्यातूनच कराटे झालं. म्हणून कराटे मूळचं भारतीय! अनेक क्लासच्या माहितीपत्रकात हे छापलेलं असतं. बोधिधर्मांचा युद्धकलेशी संबंध ज्या 'यीजिनजिंग' ग्रंथावरून जोडला जातो, तो सतराव्या शतकात तयार झालेला असल्याचं अभ्यासक मानतात. म्हणजे बोधिधर्मांनंतर हजारेक वर्षांनी. आणि आधुनिक कराटेचे जनक मानले जाणारे इतोसू आन्को यांनी तर आपल्या प्रसिद्ध पत्राच्या सुरुवातीलाच स्पष्ट केलं होतं की ही कला बौद्ध किंवा कन्फ्यूशियसच्या पंथातून आलेली नाही. आता गुरूच असं म्हणतात तर आपण ओढूनताणून नातं कशाला जोडायचं? दुसऱ्याची चांगली वस्तू तिच्या खऱ्या पत्त्यासकट स्वीकारणं, हाही एक संस्कारच आहे.

नाव कसं बदललं

मुलांना शब्दांची गंमत आवडते, म्हणून ही गोष्ट जरूर सांगा. 'तांग' या अर्थाचं चिनी अक्षर जपानीत 'करा' असंही वाचता येतं. आणि 'रिकामं' या अर्थाच्या दुसऱ्या अक्षराचा उच्चारही 'करा' असाच होतो. म्हणजे 'कराते' हा एकच उच्चार, पण लिहायच्या दोन तऱ्हा आणि अर्थ दोन : चिनी हात किंवा रिकामा हात. १९०५ साली हानाशिरो चोमो या गुरूंनी आपल्या लिखाणात 'रिकामा हात' हे रूप वापरलं. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी नाहामध्ये ओकिनावाच्या गुरूंची बैठक झाली आणि तिथे हेच लेखन नक्की झालं. ओकिनावात आज २५ ऑक्टोबर हा कराटे दिन म्हणून पाळतात.

का बदललं? एक कारण राजकीय. त्या काळात जपान आणि चीन यांच्यात वैर वाढत होतं, जपानमध्ये चिनी नाव नकोसं झालं होतं. दुसरं कारण विचारांचं. हातात शस्त्र नाही आणि मनात स्वार्थ नाही, असा 'रिकामेपणाचा' अर्थ गुरूंना आवडला. दोन्ही कारणं खरी आहेत, मुलांना दोन्ही सांगावीत. एखादी गोष्ट चांगल्या विचाराने आणि काळाच्या दडपणाने, अशी दोन्ही बाजूंनी एकाच वेळी बदलू शकते, हे आठवी-नववीच्या मुलांना नीट कळतं.

अंगणातून शाळेच्या मैदानावर

आता आपल्या पेशाची गोष्ट.

इतोसू आन्को (१८३१ ते १९१५) हे मात्सुमुरांचे शिष्य. त्यांच्या तरुणपणी कराटे शिकवलं जाई ते गुरूच्या घरच्या अंगणात, एका वेळी एक-दोन शिष्यांना, बाहेर वाच्यता न करता. १८७९ मध्ये राज्य गेलं, जपानी सरकार आलं, नव्या शाळा निघाल्या. इतोसूंनी पाहिलं की जुन्या चाकरीतली घराणी मोडली आहेत, आता ही कला अंगणातच राहिली तर संपेल. १९०१ च्या सुमाराला शुरीच्या प्राथमिक शाळेत आणि १९०५ पासून माध्यमिक शाळेत व अध्यापक विद्यालयात कराटे शिकवलं जाऊ लागलं, ते त्यांच्या प्रयत्नांमुळे. १९०८ साली त्यांनी प्रांताच्या शिक्षण खात्यासाठी दहा मुद्द्यांचं एक पत्र लिहिलं. कराटे शाळेत का हवं आणि कसं शिकवावं, याचं ते पत्र.

शिकवण्यासाठी त्यांनी अभ्यासक्रम बेतला, अगदी आपण बेततो तसा. जुन्या अवघड 'कातां'मधून (काता म्हणजे ठरावीक क्रमाने करायच्या हालचालींची मालिका) त्यांनी 'पिनान' नावाचे पाच सोपे, पायरीपायरीने अवघड होत जाणारे काता तयार केले. पिनान म्हणजे शांत, निर्धास्त. मुलांसाठी म्हणून घातक भाग सौम्य झाले. एका गुरूसमोर पन्नास मुलं उभी, म्हणून आकड्यांच्या तालावर, रांगेत, एकदम हालचाल करण्याची पद्धत आली. त्यांचे शिष्य याबू केन्त्सू सैन्यात राहून आलेले होते, त्यांच्यामुळे कवायतीचा बाज आणखी पक्का झाला. आज आपल्या शाळेच्या मैदानावर "इची, नी, सान" म्हणत मुलांच्या रांगा ठोसे मारतात ना, त्या रांगांचं मूळ ओकिनावाच्या या शाळांमध्ये आहे.

यात मिळवलं काय आणि गमावलं काय? मिळवलं हे की कला वाचली. पुढे १९४५ च्या ओकिनावाच्या लढाईत या बेटावरची प्रचंड माणसं मेली, गुरू गेले, शिष्य गेले, घरं आणि कागदपत्रं जळाली. मियागी चोजुन या नामवंत गुरूंनी आपला पट्टशिष्य शिंझातो जिन्आन याच युद्धात गमावला. तोवर कराटे शाळांमधून, महाविद्यालयांमधून दूरवर पसरलेलं होतं म्हणून धागा तुटला नाही.

गमावलं ते असं : अंगणात गुरू एका शिष्याला हालचालीचा अर्थ सांगत असे. हा हात इथे का वळतो, हे पाऊल मागे का येतं. रांगेत उभ्या पन्नास मुलांना अर्थ सांगायला वेळ कुठून आणणार? हालचाल राहिली, अर्थ मागे पडला. पाढे घोकून झाले, पण गुणाकार म्हणजे काय ते समजलं नाही, असली ही अवस्था. शिवाय इतोसूंच्या पत्रात कराटेमुळे सैन्याला चांगले जवान मिळतील असाही मुद्दा आहे. तो काळच तसा होता. शाळेत जे येतं ते आपल्या वेळेची गरज घेऊन येतं. आपल्या शाळेत आज कराटे येतं ते कोणाच्या गरजेसाठी, हा प्रश्न म्हणूनच विचारायला हवा.

एक मास्तर तोक्योला गेला

फुनाकोशी गिचिन (१८६८ ते १९५७) हे व्यवसायाने शाळामास्तर. लहानपणी अशक्त. वैद्यकीय शाळेची प्रवेश परीक्षा पास झाले, पण त्या शाळेत जायचं तर डोक्यावरची परंपरागत शेंडीची गाठ कापावी लागणार होती आणि घरच्यांना ते मान्य नव्हतं. डॉक्टर व्हायचं राहिलं. १८८८ मध्ये ते साहाय्यक शिक्षक झाले आणि पुढे तीसएक वर्षं त्यांनी मुलांना शिकवलं. दिवसा शाळा, रात्री कंदील घेऊन गुरू आझातो आन्को यांच्या अंगणात सराव. एकच काता महिनोन्‌महिने करायचा. गुरू ओसरीवर बसून बघायचे आणि बहुतेक वेळा एवढंच म्हणायचे की पुन्हा कर.

१९२२ मध्ये तोक्योला शिक्षण खात्याने भरवलेल्या क्रीडा प्रदर्शनात त्यांनी कराटे दाखवलं. तेव्हा वय पन्नाशीच्या पुढे. लोकांनी आग्रह केला म्हणून ते तिथेच राहिले. पैसे नव्हते. ओकिनावाच्या विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात त्यांनी राखणदाराचं काम धरलं. खोल्या झाडायच्या, बागेकडे बघायचं आणि उरलेल्या वेळात कराटे शिकवायचं. आज जगभर लाखो मुलं 'शोतोकान' पद्धतीचं कराटे शिकतात. 'शोतो' हे या मास्तरांचं कवितेखालचं टोपणनाव. त्याचा अर्थ पाइनच्या झाडांतून वाहणाऱ्या वाऱ्याची लाट. झाडू हातात घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. क्लास संपल्यावर मुलांकडून जागा झाडून घेणारे प्रशिक्षक अजूनही कुठे कुठे दिसतात. त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो. ते परंपरा पाळतायत, भले त्यांना हे नाव माहीत असो वा नसो.

तत्त्वं काय आहेत?

जुन्या गुरूंनी जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत मांडते.

*सुरुवात वंदनाने आणि शेवटही वंदनाने.* याला 'रेई' म्हणतात. आपल्याकडे पैलवान तालमीत उतरताना मातीला हात लावून तो कपाळी लावतो, त्याच जातीची ही गोष्ट. समोरचा माझ्याशी सराव करतोय म्हणून मी शिकतोय, तो माझा शत्रू नाही, हे शरीराला रोज आठवण करून देणं. कंबरेतून वाकणं ही कवायत झाली तर त्याचा उपयोग नाही.

*पहिला हात आपला नाही.* कराटे करणारा आधी वार करत नाही, हे तत्त्व अनेक ओकिनावी गुरूंनी या ना त्या शब्दांत सांगितलं. इतोसूंच्या पत्रातही हेच आहे : ही विद्या एखाद्याशी भांडण्यासाठी नाही, गुंडाशी गाठ पडली तरी शक्यतो दोघांनाही इजा होणार नाही असं बघावं. गंमत म्हणजे अनेक पारंपरिक काता अडवण्याच्या हालचालीने सुरू होतात, ठोशाने नाही. नियम शरीरातच घालून ठेवलाय.

*घाई नाही.* इतोसूंनी या शिकण्याला संथ चालीच्या बैलाची उपमा दिली आहे. हळू चालतो, पण हजार कोस जातो. रोज एक-दोन तास, तीन-चार वर्षं केलं तर शरीर बदलेल, असा त्यांचा हिशोब. ओकिनावात एक काता तीन वर्षं करावा असं म्हणत. आणि आपल्याकडे? तीन महिन्यांत पट्टा!

*श्वास आणि उभं राहणं.* नाहा-तेमध्ये 'सांचिन' नावाचा काता आहे. बघणाऱ्याला त्यात काही विशेष दिसत नाही. तीन पावलं पुढे, पाय जमिनीत रुतवल्यासारखे, खोल श्वास, सावकाश हात. हिगाओन्ना कान्र्‍यो फूचौला जाऊन ही विद्या घेऊन आले आणि शिष्यांना वर्षानुवर्षं हेच करायला लावत. त्यांचे शिष्य मियागी चोजुन यांनी आपल्या पद्धतीला नाव दिलं 'गोजू', म्हणजे कठीण आणि मऊ. हा विचार मला मुलांसाठी सर्वांत मोलाचा वाटतो. राग आल्यावर श्वास वर चढतो, खांदे उचलले जातात, मूठ आपोआप वळते. खांदे खाली आणि श्वास पोटात ठेवायला जो शिकला, तो निम्मं भांडण तिथेच जिंकला.

*साधनं साधी, कष्ट रोजचे.* 'माकिवारा' म्हणजे जमिनीत रोवलेली, पेंढ्याची दोरी गुंडाळलेली फळी. तिच्यावर ठोसा मारून मनगट आणि खांदा सरळ रेषेत येतात का ते समजतं. 'ची-इशी' म्हणजे लाकडी दांडा बसवलेला दगड. हातात घेऊन फिरवताना आपल्या तालमीतल्या मुद्गलाचीच आठवण यावी. तोंडाशी धरून उचलायचे मातीचे रांजण असतात, त्याने पकड वाढते. सगळं गावात मिळणाऱ्या दगडमातीचं. एक इशारा मात्र देते : लहान मुलांच्या हातांची हाडं अजून वाढत असतात. कठीण फळीवर ठोसे मारणं किंवा कौलं फोडून दाखवणं हे शाळकरी वयाचं काम नाही. स्नेहसंमेलनात टाळ्या मिळतात म्हणून आपण ते करून घेऊ नये.

मग पट्टा आला कुठून?

ऐकून नवल वाटेल, पण ओकिनावाच्या जुन्या कराटेत पट्टेच नव्हते. अंगणात शिष्य घरच्या कपड्यांत, कधी उघड्या अंगाने सराव करत. 'दान' श्रेणी आणि काळा पट्टा हे जुदोचे संस्थापक कानो जिगोरो यांच्याकडून आलं. फुनाकोशींनी १९२४ मध्ये पहिल्यांदा दान दिले. पांढरा पोशाखही जुदोवरूनच बेतला. पिवळा, केशरी, हिरवा हे मधले रंग तर युरोपातल्या जुदोच्या वर्गांत रुळले. मियागींनी हयातीत कुणालाच दान दिला नाही.

मी पट्ट्यांच्या विरोधात नाही. लहान मुलाला दिसेल अशी पुढची पायरी लागते, हे आपण रोज वर्गात अनुभवतो. पण पायरी म्हणजे मजला नव्हे. दर तीन महिन्यांनी परीक्षा, प्रत्येक परीक्षेची वेगळी फी आणि नापास कुणीच नाही, असं दिसलं तर तिथे विद्या कमी आणि दुकान जास्त, एवढं ओळखावं.

तोक्यो, ऑगस्ट २०२१

कराटे एकदाच ऑलिंपिकमध्ये होतं, तोक्योला. कोरोनामुळे २०२० ची स्पर्धा २०२१ मध्ये झाली. ६ ऑगस्टला पुरुषांच्या काता प्रकारात किउना र्‍यो या ओकिनावाच्या खेळाडूने सुवर्ण जिंकलं. ओकिनावाच्या माणसाला मिळालेलं हे पहिलं ऑलिंपिक सुवर्ण. कला जिथे रुजली त्या बेटाच्या मुलाने ते मिळवावं, यात एक समाधान होतं.

दुसऱ्या दिवशी जड वजनगटाचा कुमिते, म्हणजे प्रत्यक्ष लढतीचा, अंतिम सामना होता. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ असा पुढे होता. त्याची एक लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेच्या डोक्याला बसली आणि गंजजादे जागच्या जागी कोसळला. त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. पंचांनी हमेदीला बाद ठरवलं, कारण वार आवरलेला नव्हता. सुवर्ण मिळालं पडलेल्या खेळाडूला.

त्या निर्णयावर पुष्कळ वाद झाला. मुष्टियुद्धात जिंकवून देणारा फटका इथे हरवतो कसा, असं लोकांनी विचारलं. हा प्रसंग मुलांपुढे ठेवा आणि त्यांनाच वाद घालू द्या. मला स्वतःला वाटतं, त्या नियमात ओकिनावाच्या अंगणाचा एक अंश शिल्लक आहे : ज्याला थांबता येत नाही त्याला अजून येत नाही.

तीन महिन्यांत काय शिकवता येईल?

सरकारी शाळांमध्ये समग्र शिक्षा योजनेखाली सहावी ते बारावीच्या मुलींसाठी 'राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण' चालतं, साधारण तीन महिन्यांचं. हेतू चांगला आहे. मुली मैदानावर येतात, मोठ्याने ओरडतात, त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज येतं. हे मोलाचं आहेच.

पण इथे आपण प्रामाणिक राहायला हवं. बैलाच्या चालीने चार वर्षं लागणारी गोष्ट तीन महिन्यांत अंगात मुरत नाही. "आता तू कुणालाही लोळवू शकतेस" असं जर आपण सातवीतल्या मुलीला सांगितलं, तर आपण तिला खोटा धीर देतोय आणि त्याची किंमत ती मोजेल. तीन महिन्यांत खरंच शिकवता येतं ते असं : ठाम आवाजात 'नाही' म्हणणं, अंतर राखणं, धोका आधी ओळखणं, पकड सोडवून पळणं आणि घडलेलं कुणाला तरी लगेच सांगणं. पहारेकऱ्यांच्या त्या जुन्या कलेतही प्रसंग टाळणं हेच पहिलं कौशल्य होतं. आणि ती मुलगी सांगायला आली तर ऐकून घेणारी शिक्षिका शाळेत असायला हवी. ती नसेल तर मैदानावरचे सगळे ठोसे हवेतच जाणार.

आणखी एक. प्रशिक्षण फक्त मुलींना देऊन भागत नाही. पहिला हात आपला नाही, हा धडा वर्गातल्या मुलांनाही तितकाच, खरं तर थोडा जास्तच लागतो.

क्लास निवडताना

पालकहो, फी विचारण्याआधी एक दिवस क्लासच्या कडेला नुसतं उभं राहा आणि एवढं बघा.

१. चुकणाऱ्या मुलाशी सर कसं बोलतात? दरडावून, चारचौघांत हसून, की पुन्हा करून दाखवून?

२. कच्च्या, जाड किंवा घाबरट मुलाशी सराव करताना मोठी मुलं हात आवरतात का?

३. "ही हालचाल कशासाठी?" असं मुलाने विचारलं तर उत्तर मिळतं का?

४. सर स्वतः अजून सराव करतात का, की नुसती शिट्टी वाजवतात?

५. शाळेत मारामारी केली म्हणून क्लासमध्ये कुणाला जाब विचारला जातो का?

शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. फुनाकोशींचं म्हणणं होतं की कराटे सरावाच्या जागेपुरतं नसतं. घरी धाकट्या बहिणीचे केस ओढणारा मुलगा क्लासमध्ये कितीही उंच लाथ मारो, तो अजून शिकलेला नाही. हे क्लासच्या सरांना ठाऊक असेल तर मूल योग्य हातात आहे.

आणि शिक्षक मित्रहो, आपल्या शाळेत कराटेचा तास असेल तर प्रशिक्षकांना एकदा वर्गात बोलवा. पंधरा मिनिटं नकाशा लावून ओकिनावाची ही गोष्ट मुलांना सांगू द्या, किंवा तुम्ही सांगा. इतिहास, भूगोल, भाषा आणि शारीरिक शिक्षण असे चार विषय एका तासात येतील. मग मुलांना मैदानावर न्या, आणि त्या दिवशी ठोसा शिकवू नका. पाय जमिनीवर घट्ट ठेवून, खांदे सैल सोडून, शांत श्वास घेत एक मिनिट नुसतं उभं राहायला सांगा. किती जणांना जमतं ते बघा.